गच्चीवरचा फोम बदलताना : साइटच्या नोंदी

२ फेब्रुवारी

पहिली पाहणी. तीन मजली व्यापारी इमारत, सपाट काँक्रीटचा स्लॅब, त्यावर १९ वर्षांपूर्वी फवारलेला पॉलियुरेथेन फोम आणि वर ॲक्रिलिकचं पांढरं कोटिंग. टेप लावून मोजलं, १,८४० चौ. मी. भरलं. इमारतीच्या फाइलमध्ये पुन्हा कोटिंग केल्याची एकच नोंद आहे, तीही नवव्या वर्षाची. त्यानंतरची दहा वर्षं फाइल कोरी आहे. वरच्या मजल्यावर बादल्या ठेवायची वेळ आली, तेव्हा कुठे कुणीतरी वर चढलं.

कोटिंगवरून हात फिरवला तर खडूसारखी पूड हाताला लागते. उत्तरेच्या भागात ते जागोजागी उडालंय आणि खालचा फोम उघडा पडलाय. ताजा फोम सायीच्या रंगाचा असतो, हा विटकरी झालाय. अंगठा घासला की भुगा होतो. ऊन फोमला असंच खातं. आधी पिवळा, मग नारिंगी, मग तपकिरी. वरचा थर भुगा होऊन वाऱ्याने उडतो आणि त्याखालचा उन्हाला उघडा पडतो. फोमचं सगळं आयुष्य वरच्या त्या मिलिमीटरभर कोटिंगवर अवलंबून असतं, आणि इथे नेमकं तेच सांभाळलेलं नाही.

कडेच्या भिंतीलगत अंगठा जाईल एवढी गोल भोकं आहेत, सात-आठ एका रांगेत. पक्ष्यांनी चोची मारलेली. एकदा कोटिंग फुटलं की आतलं मऊ त्यांना सापडतं. दोन भोकांत काडी घालून पाहिली, ओली निघाली.

व्यवस्थापक वर आले होते. म्हणाले, "साहेब, सगळं खरवडून काढा म्हणाल तर तसं करू, वरून एक हात मारू म्हणाल तर तसं करू. पण एक काय ते आजच सांगा." आज सांगता येणार नाही, म्हटलं. दोन्ही सल्ले त्यांना आधी मिळालेत आणि दोन्ही देणाऱ्यांनी एकही नमुना कापलेला नाही. फोम आतून कोरडा की ओला, हे वरून दिसत नाही.

४ फेब्रुवारी

दिवसभर कडक ऊन, संध्याकाळी वारा पडला. थर्मल कॅमेऱ्यासाठी असाच दिवस लागतो. कोरडा फोम सूर्यास्तानंतर पटकन निवतो, पाणी प्यालेला भाग मात्र दिवसाची उष्णता उशिरापर्यंत धरून ठेवतो आणि पडद्यावर उजळ दिसतो. अंधार पडल्यावर दोन तासांनी चालायला सुरुवात केली. मागे मदतनीस रंगाचा डबा घेऊन कडा आखत होता.

पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या दोन आणि तीन नंबरच्या जाळ्यांमधला जवळजवळ सगळा पट्टा उजळ. पश्चिमेच्या भिंतीलगत आणखी एक. दक्षिणेकडचा भाग सलग काळा, म्हणजे चांगला. फक्त त्याच्या मध्यभागी, एसीच्या पाचव्या युनिटमागे, दारभर आकाराचा एक उजळ डाग. भोवती काही नाही, जाळी नाही, भिंत नाही. हा कुठून आला ते उद्या बघायचं.

५ फेब्रुवारी

१६ नमुने कापले, ५० मि.मी. व्यासाचे, थेट स्लॅबपर्यंत. आठ ओले, सात कोरडे, एक मधला. नऊ नंबरचा ओला नमुना मुठीत दाबला तर बोटांमधून पाणी ओघळलं.

व्यवस्थापकांनी विचारलं, फोममध्ये पाणी शिरत नाही असं सांगतात, मग हे काय? प्रश्न बरोबर आहे. या फोमच्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी बंद असतात, स्पंजासारखा तो पाणी ओढत नाही. म्हणूनच भोक पडलं तरी गळती बहुधा भोकाच्या आसपासच राहते, इकडेतिकडे पसरत नाही. पण त्याच जागी वर्षानुवर्षं डबकं राहिलं की दिवसा पाण्याची वाफ पेशींच्या पातळ भिंतींमधून आत सरकते आणि रात्री गार होऊन आतच पाणी बनते. रोज थोडं थोडं. एकदा आत गेलेलं पाणी वाळवून बाहेर काढता येत नाही, तो फोम कापूनच काढावा लागतो.

अकरावा नमुना हातात घेताच मधोमध दोन तुकड्यांत सुटला. सुटलेल्या पृष्ठभागावर चकचकीत साल आणि तिच्यावर मातीचा पातळ थर. पहिला थर फवारून मधे काही दिवस गेले असणार आणि न झाडता दुसरा थर वर मारला. १९ वर्षांपूर्वीची ती धूळ आज बोटाला लागली. तेव्हाचं काम ज्याने केलं त्याने तो एक झाडू मारायला हवा होता.

आता पाचव्या युनिटमागचा डाग. युनिटच्या पाठीमागून एक प्लास्टिकची नळी निघते आणि फोमच्या वीतभर वर येऊन थांबते. तिच्यातून थेंब पडत होते. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला २२. म्हणजे चोवीस तास यंत्र चाललं तर दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी, एकाच जागी. ॲक्रिलिक सततच्या ओलीत टिकत नाही. फुगतं, मऊ पडतं, सुटतं. नळीखाली ते पूर्ण गेलं होतं आणि फोममध्ये पसाभर खड्डा पडला होता. नळी लांबवून जाळीपर्यंत नेली असती तर हे झालं नसतं.

निर्णय लिहून दिला. उत्तरेचा १,१५० चौ. मी. भाग पूर्ण काढायचा, स्लॅब उघडा करायचा. दक्षिणेचा ६९० चौ. मी. फोम कोरडा आहे आणि स्लॅबला घट्ट धरून आहे. त्याचा वरचा खराब थर कोटिंगसकट मशीनने तासायचा आणि त्यावर नवा फोम द्यायचा. पाचव्या युनिटमागचा डाग आणि अकराव्या नमुन्याभोवतीचा भाग मात्र मुळापासून काढायचा.

९ फेब्रुवारी

माल आला. ड्रमच्या दहा जोड्या (फोमची दोन द्रव्यं, एक ए ड्रममध्ये, दुसरं बी ड्रममध्ये), हिशेबाने नऊ लागतील. प्रत्येक बी ड्रमवरची तारीख स्वतः वाचली. जुन्या फोममध्ये फुगवण्यासाठी ओझोनला घातक वायू वापरत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने गेले आणि आताच्या मालात एचएफओ हे ओझोनला घातक नसलेलं फुगवणारं द्रव्य असतं. हवेच्या दृष्टीने ते चांगलं, पण काही मिश्रणांत ते उत्प्रेरकाला हळूहळू निकामी करतं. त्यामुळे असा बी ड्रम फार दिवस टिकत नाही. मुदत संपलेला माल फुगायला वेळ घेतो आणि फोम खचतो. एका ड्रमची मुदत दोन आठवड्यांवर आली होती, तो पहिल्या दिवसासाठी बाजूला काढला.

ड्रम सावलीत, लाकडी फळ्यांवर.

११ फेब्रुवारी

उत्तरेचा फोम काढायला सुरुवात. करवतीने चौकोन कापायचे, रुंद पात्याच्या लांब दांड्याने खालून उचकटायचे आणि तुकडा हातातून थेट पिशवीत. खाली ठेवला की वारा नेतो.

कोरड्या तुकड्यांची भरलेली पिशवी एका हाताने उचलते. जाळीजवळच्या ओल्या भागातली तेवढीच पिशवी उचलायला दोघे लागले. एवढं वजन या स्लॅबने किती वर्षं पेललं असेल, हे व्यवस्थापकांना पिशवी उचलायला लावून दाखवलं. त्यानंतर त्यांनी "वरून एक हात मारा" हे पुन्हा काढलं नाही.

एकाच वेळी २०० चौ. मी.पेक्षा जास्त उघडायचं नाही असं ठरवलंय. उघड्या भागावर पाइपांचा सांगाडा आणि ताडपत्री. दिवसा गुंडाळायची, संध्याकाळी ओढून कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या.

१३ फेब्रुवारी

अडचण आली. दोन नंबरच्या जाळीभोवतीचा स्लॅब काळपट दिसतोय. काल संध्याकाळी तिथे दीड फुटी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला होता. ही चाचणी किमान १६ तास ठेवायची असते. आज सकाळी पट्टी सोडली तर प्लास्टिकच्या आतून दवासारखे थेंब आणि खालचं काँक्रीट गडद. दुसरीकडे तीन ठिकाणी लावले होते, ते कोरडे निघाले.

म्हणजे पाणी फोममध्येच नाही, स्लॅबमध्येही मुरलंय. ताडपत्री दिवसभर उघडी ठेवायची, पंखे लावायचे, थांबायचं. दुसरा उपाय नाही.

१५ फेब्रुवारी

रात्री अडीचला पाऊस. अर्धा तास. ताडपत्रीने टिकाव धरला. एका कोपऱ्यातली वाळूची पिशवी सरकली होती, तिथे बादलीभर पाणी आत आलं. पहाटे कापडाने टिपून घेतलं.

१६ फेब्रुवारी

अजून थांबलोय. व्यवस्थापकांचा सकाळपासून तिसरा फोन. वरून कोरडं दिसतंय, मग सुरू का करत नाही? त्यांचंही बरोबर आहे, खालच्या भाडेकरूंना तेच उत्तर देतात. पण इथे मी हललो नाही आणि हलणार नाही.

नव्या मदतनीस पोराने दुपारी विचारलं की एवढ्याशा ओलीने काय होतं. त्याला पूर्ण सांगितलं, कारण फवारणीच्या गनच्या मागे तोच होज धरून उभा राहणार आहे. ए ड्रममध्ये आयसोसायनेट. बी ड्रममध्ये पॉलिऑल, त्यातच उत्प्रेरक, आग रोखणारं द्रव्य आणि फुगवणारं द्रव्य. दोन्ही सारख्या मापाने, तापवून, मोठ्या दाबाने गनच्या तोंडाशी एकमेकांवर आदळतात आणि काही सेकंदांत २० ते ३० पट फुगून कडक होतात. ही रसायनक्रिया ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधली. पण आयसोसायनेटला पॉलिऑल मिळालं काय आणि पाणी मिळालं काय, ते दोघांशीही जुळतं. स्लॅबवर ओल असेल तर खालच्या थरातलं आयसोसायनेट पाण्याशी लागतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. वरून फोम अगदी छान दिसतो, खाली मात्र तो धरलेलाच नसतो. पहिल्या उन्हाळ्यात तिथे फुगा येतो. फुग्यावर कुणाचा पाय पडला की कोटिंग फाटतं आणि आपण आज जिथे आहोत तिथेच पुन्हा येतो.

पोरगा म्हणाला, "मग काका रोज सकाळी तासभर नुसते का बसतात ते कळलं." गनवरचे काका ३० वर्षं या कामात आहेत. हाताचा तळवा स्लॅबवर टेकवून बसतात आणि ओल मोजणाऱ्या मीटरआधीच त्यांचं उत्तर येतं. तरी मीटर लावतोच.

१८ फेब्रुवारी

प्लास्टिकच्या चाचण्या सगळ्या कोरड्या. प्राइमर मारला.

१९ फेब्रुवारी

फवारणीचा पहिला दिवस.

सकाळी ७ वाजता हवा १९ अंश, आर्द्रता ८८ टक्के. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होते तो, १७ च्या आसपास, स्लॅबचं तापमान १६.४. म्हणजे डोळ्यांना दिसो न दिसो, स्लॅबवर दव धरलेलं. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असल्याशिवाय गन उचलायची नाही. ९.४० ला स्लॅब २५ अंशांवर गेला.

त्याआधीची तयारी : खालच्या गाड्या रात्रीच हलवल्या, ज्या हलल्या नाहीत त्यांना कापड. हवेत उडालेला फोमचा कण शंभर-दोनशे मीटर जाऊन गाडीच्या रंगावर बसला की निघत नाही. एसीच्या हवा ओढणाऱ्या जाळ्या प्लास्टिकने बंद केल्या. वरचा मजला उद्यापर्यंत रिकामा. गनवर आणि होजवर असलेल्या दोघांना बाहेरून हवा येणारे पूर्ण चेहऱ्याचे मास्क. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या वासानेही दमा उसळतो आणि माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं. या नियमाला माझ्या साइटवर सूट नाही. वर येणाऱ्या पाहुण्यांनाही नाही.

काकांनी आधी पुठ्ठ्यावर फवारा मारला. फुगला, रंग सायीचा, पाच मिनिटांनी चाकूने कापून पेशी पाहिल्या. बारीक, सारख्या. मग स्लॅब. गन छातीच्या खाली, मनगट न वळवता, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. फवारा पडतो तेव्हा ओल्या डागासारखा दिसतो. एक, दोन मोजेपर्यंत पांढरट होतो, उचलला जातो, कडा गोल होतात आणि दहा-बारा सेकंदांत स्थिर. मिनिटाभराने बोट लावलं तर नुसतं कोमट लागतं. आतून मात्र तो चांगलाच तापलेला असतो.

म्हणूनच एका थरात १२ ते ४० मि.मी.च. त्याहून जाड मारला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, गाभा करपतो. गन साफ करताना निघणारे गोळेही एकावर एक टाकायचे नाहीत, पसरून निवू द्यायचे. जाड ढीग आतल्या आत पेटू शकतो. त्यासाठी पत्र्याचा ट्रे वेगळा ठेवलाय.

पोत संत्र्याच्या सालीसारखा आला. हाच हवा. लाह्यांसारखा किंवा झाडाच्या सालीसारखा आला तर खाचांमध्ये कोटिंग पोहोचत नाही, तो भाग तासून पुन्हा करावा लागतो. दिवसअखेर ३२० चौ. मी.

२० फेब्रुवारी

कालच्या भागावर सिलिकॉनचा पहिला, राखाडी हात सकाळीच मारून घेतला. उघडा फोम उन्हात तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचाच नाही, मी एकावर आणतो.

दुपारी ३.१० ला काकांनी स्वतःहून गन बंद केली. म्हणाले, "साहेब, आवाज बदलला." मला काही ऐकू आलं नव्हतं. मशीनकडे धावलो. ए चा दाब ८० बार, बी चा ५५. दिवसभर दोन्ही जवळजवळ सारखे होते. बी ड्रमच्या पंपाची गाळणी गाळाने तुंबली होती.

मागे वळून शेवटचा पट्टा पाहिला. दीड मीटर रुंद, सहा मीटर लांब. उन्हात पटकन लक्षात येणार नाही एवढाच रंग गडद. नख दाबलं तर नेहमीसारखं दबून परत न येता कडकन मोडलं, काचेच्या पापुद्र्यासारखं. आयसोसायनेट जास्त, पॉलिऑल कमी. असा फोम ठिसूळ राहतो आणि पुढे चिरतो. पट्टा दोन्ही बाजूंनी अर्धा मीटर जास्त धरून कापला, स्लॅबपर्यंत काढला. काका काही बोलले नाहीत, पण शेवटचा तुकडा उचलेपर्यंत तिथेच गुडघ्यांवर बसून होते. गाळणी मी सकाळी तपासायला हवी होती. आता रोज सुरू करण्याआधी आणि जेवणानंतर तपासायची, आणि दोन्ही दाब दर अर्ध्या तासाला वहीत लिहायचे. हे काम पोराकडे दिलंय.

२१ फेब्रुवारी

वारा ताशी २८ कि.मी. आमची मर्यादा २०. फवारणी बंद. कालच्या भागावर रोलरने राखाडी हात दिला.

२२ ते २४ फेब्रुवारी

उत्तरेचा उरलेला भाग. इथे खरा प्रश्न ढाळाचा होता आणि त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

जुन्या कामात जाळ्यांभोवती फोम बाकीच्या गच्चीइतकाच जाड मारला होता, शिवाय कडेला ओघळून उंचवटा झाला होता. म्हणजे जाळी उंच आणि गच्ची खोल. पाण्याने जायचं कुठून? मीटरला २० मि.मी. ढाळ हा आदर्श. पण लांबच्या भिंतीपासून जाळीपर्यंत १२ मीटर आहेत, तो हिशेब केला तर भिंतीजवळ २४० मि.मी. जाडी होते. कडेची भिंतच तेवढी उंच नाही. म्हणून मध्यम मार्ग घेतला. दोन जाळ्यांमधल्या मोठ्या खोलगट भागाला मीटरला १० मि.मी., जाळीभोवतीच्या एका मीटरमध्ये मात्र पूर्ण २० आणि तिथे फोम पातळ होत होत २५ मि.मी.वर. सगळ्यात खोल जागी तीन थर मिळून ११० मि.मी. झाला, प्रत्येक थर हाताला गार लागेपर्यंत थांबून. दोऱ्या ताणून, दर दीड मीटरवर सुई टोचून जाडी मोजली.

फोमचा हा गुण मला फार आवडतो. काँक्रीटने ढाळ द्यायचा तर केवढं वजन चढलं असतं. याच्या घनमीटरचं वजन ४५ ते ५० किलो.

भिंत आणि गच्चीच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे गोलसर उतार, धरला आणि फोम सलग १५० मि.मी. वर चढवला. सांधा नाही, पट्टी नाही, त्यामुळे तिथून सुटायला काही उरलेलं नाही. पाइपांभोवतीही तसंच.

संध्याकाळी चार बादल्या पाणी दोन नंबरच्या जाळीपासून आठ मीटरवर ओतलं. आधी पसरलं, क्षणभर थांबलं, मग वळून जाळीकडे निघालं. काका आणि मी दोघंही ते शेवटपर्यंत बघत उभे होतो.

२६ फेब्रुवारी

दक्षिणेचा भाग मशीनने तासला. १० ते १५ मि.मी. गेलं आणि खाली सायीच्या रंगाचा, धडधाकट, १९ वर्षांचा फोम निघाला. पोराने विचारलं, हा नवा आहे का? जिथे कोटिंग टिकलं तिथे तो असाच राहिला. अकराव्या नमुन्याभोवतीचा सुटा भाग अंदाजापेक्षा मोठा निघाला, ४० चौ. मी. तो सगळा काढला. भुगा झाडूने नाही, व्हॅक्यूमने उचलला, दोनदा.

२८ फेब्रुवारी

दक्षिणेला ३० मि.मी. नवा फोम. दोन ठिकाणी कापून ओढून पाहिलं. फाटला तो फोममध्ये फाटला, जुन्या-नव्याच्या सांध्यात नाही. हेच हवं होतं.

१ मार्च

दक्षिणेला राखाडी हात.

३ मार्च

पांढरा हात, राखाडीच्या आडव्या दिशेने. दोन रंग मुद्दाम. पांढऱ्यातून राखाडी दिसला की तिथे माल कमी पडलाय, हे उभ्या उभ्या कळतं. ओल्या कोटिंगमध्ये दर २० चौ. मी.ला कंगवा, म्हणजे दातेरी मापपट्टी, टेकवून जाडी मोजली. या सिलिकॉनमध्ये घनांश ९५ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे ओलं जवळजवळ तेवढंच सुकं राहतं. दोन्ही हात मिळून ०.७५ मि.मी. हवं. पाच ठिकाणी ०.६ भरलं, तिथे तिसरा हात.

सिलिकॉनच का, हे फाइलमध्ये लिहून ठेवलं. साचलेल्या पाण्यात आणि उन्हात ते टिकतं. त्याचा तोटाही लिहिला. धूळ धरतं, ओलं असताना भयंकर घसरतं, आणि पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटणार नाही. दहा वर्षांनी जो कुणी डबा घेऊन येईल, त्याला हे आधी कळायला हवं.

६ मार्च

जिन्याच्या दारापासून प्रत्येक युनिटपर्यंत पायवाट केली. वेगळा रंग, ओल्या कोटिंगमध्ये खडीचे दाणे पेरून, म्हणजे पाय घसरणार नाही आणि एसीची माणसं त्याच वाटेने जातील. युनिटच्या झाकणांचे स्क्रू आणि पत्र्याचे धारदार तुकडे यांनी कोटिंग पक्ष्यांपेक्षा जास्त फाटतं. पाचव्या युनिटसह सगळ्या नळ्या लांबवून थेट जाळ्यांमध्ये सोडल्या.

व्यवस्थापकांना नकाशा दिला. त्यावर जाळ्या, नमुन्यांच्या जागा, जुन्या-नव्या फोमची सीमा, जागोजागची जाडी. वर्षातून दोनदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर फेरी मारायची. चिरा किंवा भोक दिसलं तर त्याच आठवड्यात सिलिकॉनच्या सीलंटने बुजवायचं. त्यांनी जिन्याच्या दाराला कुलूप आणि एक वही लावली आहे, वर जाणाऱ्याने नाव आणि काम लिहून जायचं.

२४ मार्च

पहिला मोठा पाऊस, चार तास. व्यवस्थापकांचा फोन आला. बादल्या कोरड्या आहेत. त्या अजून हलवू नका म्हटलं, परवा येतो.

२६ मार्च

पाऊस थांबून ५० तास झाले. ४८ तासांनंतर जे उरतं ते साचलेलं पाणी धरायचं. गच्चीभर फिरलो. उत्तरेकडे सगळं कोरडं. दोन आणि तीनच्या मधला पट्टा, जिथे जुन्या कोटिंगवर शेवाळ होतं, तिथे आता वाऱ्याने आणलेली धूळ सरळ रेषेत जाळीपर्यंत गेलेली दिसते.

दक्षिणेला चार नंबरच्या जाळीपासून तीन पावलांवर तळहाताएवढं पाणी आहे. पट्टी टेकवून मोजलं, २ मि.मी. खोल. तासलेल्या जुन्या फोमचा तिथला खळगा माझ्या दोरीतून सुटला असणार. नकाशावर खूण केली, तारीख घातली. पुढच्या पावसानंतर पुन्हा मोजायचं, वाढलं तर भर घालायची. बादल्या खाली नेल्या.